थोरलीने हवा कापली

“आता मी जे सांगेन ते तुमच्यातला एकही जण खरं मानणार नाही,” जयराम कारापूरकर म्हणाले. ऐकणाऱ्यांत कुडाळहून आलेला सखाराम धुरी एकटाच नवखा, म्हणून त्याने एकट्यानेच हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबवला. घरच्यांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांच्या लेखी ते घसा खाकरण्यापैकी होतं.

“ही थोरली त्र्याण्णव साली पुण्याहून आली. चार टनांचं धूड. आंबोलीचा घाट उतरताना ट्रकचे ब्रेक गेले. ड्रायव्हरने उडी टाकली. मी आणि माझा भाऊ अनंत मागे हौद्यात, हिच्या पायाशी बसलेले. आता सांग, ट्रक कोणी थांबवला?”

“कोणी?”

“हिनेच. आपलं टेबल हातभर मागे सरकवलं हिने. वजन मागे आलं आणि ट्रक उभा राहिला, उतारावर बैल मागचे पाय रोवतो तसा.”

“आबानू, करंट नसताना?”

“करंट कशाला हवा रे? जीव वाचवायचा होता तिला.”

सखाराम हसला आणि पुन्हा मशीनच्या कपाटाच्या दारात वाकला. जयरामांना तेच नको होतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रविवार असल्यामुळे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आवाज असा नव्हताच. कुठेतरी लांब एक कॉम्प्रेसर सुस्कारे टाकत होता, तेवढाच. शेडच्या छपराला मधोमध दोन हिरवे पत्रे होते, उजेड आत यावा म्हणून लावलेले. दुपारी तीन वाजले की त्यांतून असा उजेड उतरायचा की सगळी शेड एखाद्या तळीच्या तळाशी गेल्यासारखी वाटायची. लेथ, ड्रिल, लोखंडाच्या कांबी, सगळं पाण्याखालच्या वस्तूंसारखं थोडं लांब, थोडं डोलत. त्या उजेडात बसलं की जयरामांना आपण जागे आहोत की नाही याचा भरवसा राहत नसे. वयाच्या शहात्तराव्या वर्षी ती एक सोय होती.

थोरली म्हणजे त्यांच्या कारखान्यातली सगळ्यांत जुनी मिलिंग मशीन. आकडे भरून दिले की टेबलावर बांधलेला लोखंडाचा ठोकळा ती आपली आपण तासायची. वरचं कटर कुठे उतरायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं त्या आकड्यांत असायचं. आकडे राहायचे तिच्या डोक्यात. डोकं म्हणजे बाजूचं उभं कपाट, हिरव्या अक्षरांचा पाटीएवढा पडदा लावलेलं, जपानी. अंग अजून ठणठणीत होतं. बिडाचं अंग माणसाच्या दोन पिढ्यांना पुरतं. गेलं होतं ते डोकं. नवीन डोकं भिंतीशी खोक्यात येऊन पडलं होतं आणि ते बसवायला सखाराम आला होता. जुनं मात्र अजून उतरवता येत नव्हतं, कारण कारखाना दोन भावांच्या नावावर होता, आणि गेल्या माघात अनंत गेल्यापासून त्याच्या जागी सही लागायची ती त्याच्या बायकोची, सुमंगलाची. ती चारच्या चहाबरोबर येणार होती.

“आबानू,” सखाराम कपाटातून म्हणाला. “हय हळद कशी इली?”

जयरामांनी ऐकलंच नाही, असं केलं.

“सेलांच्या डबीत. तिन्ही पत्र्यांक हळद लागली हा. आणि पिंजर.” त्याने बोट बाहेर काढून दाखवलं. बोटाचं टोक पिवळं होतं, आणि त्यावर लाल ठिपका, लग्नघरातल्या माणसासारखा.

“जुनी मशीन आहे,” जयराम म्हणाले. “गंजाला काय रंग चढतील ते सांगता येत नाही.”

सखारामने बोटाचा वास घेतला. मग जयरामांकडे बघितलं. पुण्यात वीस वर्षं मशीनींची डोकी उघडण्यात गेलेला माणूस; गंजाला स्वयंपाकघराचा वास येत नाही एवढं त्याला कळत होतं. पण म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, एवढंही कळत होतं. त्याने बोट चिंधीला पुसलं आणि पुन्हा कपाटात डोकं घातलं.

जयरामांनी डोळे मिटले. तरी ताट दिसायचं ते दिसलंच.

त्यांच्या वडिलांपासूनची रीत अशी की खंडेनवमीला लोखंडाला पुरती झोप द्यायची. वर्षभर दुसऱ्यासाठी राबतं ते, एक दिवस त्याला कोणी हाक मारायची नाही. आधी नुसते करवत, हातोडे, पान्हे धुऊन मांडत. मग घरात भिंतीवरचं घड्याळ आलं, तेव्हा वडील लंबक काढून ताटात ठेवू लागले. टॉर्च आली, तेव्हा तिचे सेल. ज्याच्यात जीव आहे त्याचा जीव काढून ताटात ठेवायचा, हळद-पिंजर लावायची, आणि दसऱ्याला सोनं वाटून झालं की परत घालायचा. डिचोलीत दुसऱ्या कोणाकडे अशी रीत नव्हती. त्यामुळे जयरामांना तिचा अभिमान जास्तच होता.

थोरली आली तेव्हा पहिल्याच खंडेनवमीला अनंताने सांगितलं, “हिचं मी बघतो, दादा. तू लेथची पूजा कर.” आणि एकवीस वर्षं तो बघत आला. जयराम यायचे तेव्हा पडदा काळा, वर धुतलेलं पंचाचं कापड, कपाळावर झेंडूची माळ. फक्त कपाटातून बारीक घुरघुर यायची. “ही गुरगुरते कशी?” जयराम विचारायचे. “झोपेत घोरते,” अनंत म्हणायचा. अनंत कधी खोटं बोलत नसे, घरात त्याची तीच ख्याती. खोट्याचं खातं थोरल्या भावाकडे होतं. म्हणून जयरामांनी विश्वास ठेवला. पडद्याचा नुसता उजेड उतरवून अनंत आपल्याला दर वर्षी बनवतो आहे, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

यंदा अनंत नव्हता. त्याची मुलगी विमल, आता कारखाना तीच चालवायची, त्या दिवशी वेर्ण्याला औषधाच्या कंपनीत मापं घ्यायला गेली होती. जयरामांनी ठरवलं, यंदा थोरलीला आपल्या हातांनी झोपवू, अनंताला बरं वाटेल. मेन स्वीच खाली ओढला. स्वीचवर विमलने काहीतरी लिहून चिकटवलं होतं, ते स्वस्तिकाला जागा हवी म्हणून सोलून काढलं. कपाट उघडलं. आत डबीत तीन जाडे सेल होते, टॉर्चमध्ये घालतात तसले. ते काढले, नारळाच्या पाण्याने पुसले, ताटात मांडले. घुरघुर थांबली होती. किती शांत झोपली, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले.

ते सेल म्हणजे थोरलीची आठवण. करंट चालू असताना ते बदलले तर चालतं. करंट बंद करून काढले तर मशीन आपलं अंग केवढं, हात किती लांब जातो, इथपासून सगळं विसरते. अनंताने भरलेलं सगळं त्यात होतं. दसऱ्याला सेल परत घातले तेव्हा पडदा उजळला आणि त्यावर नुसत्या तक्रारी आल्या, ओळीखाली ओळ. झोपेतून उठली आहे, जरा वेळ जाऊ दे, म्हणून जयरामांनी वर कापड घातलं. तिसऱ्या दिवशी विमल आली, तिने कापड काढलं, बटण दाबलं. आणि मशीन विमलच्या हातून मेली, असं सगळ्यांनी म्हटलं. विमलनेही.

न विचारता शंभर गोष्टी सांगणारा माणूस, पण ही एक सांगायला त्यांची जीभ उचलेना.

“बाबा, पेंगताय?” बाबली म्हणाला.

बाबली हा त्यांचा मुलगा. पन्नाशीला टेकलेला, साखळीला राहायचा. खाणी बंद पडून दोन वर्षं झाली होती, आणि त्याचे सहा ट्रक दारात असे उभे होते की टायरांतून कारीटांचे वेल वर चढून यंदा त्यांना कारीटंही धरली होती. नरकासुराच्या पहाटे फोडायला आळीतल्या पोरांनी तिथूनच नेली. तेव्हापासून तो रिकाम्या जागेकडे बघायचा ती भाड्याच्या नजरेनेच.

“मी एकच विचारतो,” बाबली म्हणाला. “ह्या म्हातारीला नवीन डोकं कित्याक? पाण्याच्या बाटल्यावाले शेड मागतायत. त्यांना द्या, घरी बसा.”

“औषधवाल्यांचं काम आलंय, दादा,” विमल म्हणाली. ती खोक्यातल्या वायरी रंगाप्रमाणे लावत होती आणि वर बघत नव्हती. “त्यांच्या पॅकिंग मशीनचे साचे. वर्षभर पुरेल एवढं. एवढं तासकाम दुसऱ्या कुठल्या मशीनवर होणार नाही.”

“काम आलंय. आणि मशीन कोणी मारली?”

विमलने पुढची वायर उचलली.

“नाही, मी भांडत नाही गो. तू शिकलेली. पण काकाने एकवीस वर्षं चालवली, काही झालं नाही. काका गेला, आठ महिन्यांत ही गेली. उद्या नवीन डोकं घालशील, तेही असंच होणार. वाईट वाटून घेऊ नकोस. हात असतो एकेकाचा.”

“मी फक्त बटण दाबलं होतं.”

“तेच म्हणतो मी.”

जयरामांनी मुलाकडे बघितलं, मग पुतणीकडे. विमलच्या हातातली निळी वायर पिवळ्यांत ठेवली गेली होती, आणि तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. ती लहान असताना याच शेडमध्ये फळीवर बसून पाढे म्हणायची. आता तिला तोंडावर अपशकुनी म्हटल्यासारखं झालं होतं आणि ती ते मान्य करायच्या बेतात होती. आता सांगावं, असं जयरामांच्या मनात आलं. ओठही उघडले.

“सखाराम,” ते म्हणाले, “आंबोलीच्या घाटात पुढे काय झालं ते राहिलंच.”

तेवढ्यात सुमंगला आली. एका हातात किटली, दुसऱ्या हातात पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव बांधलेला पंचा. ती पेडण्याची. बोलायची कमी, आणि जे बोलायची ते तांदूळ निवडल्यासारखं. आल्याबरोबर तिने सगळ्यांचे चेहरे एकदा बघून घेतले, पेले मांडले, चहा ओतला. सखारामला पहिला, पाहुणा म्हणून. मग थोरलीपाशी जाऊन कपाळावरची सुकलेली झेंडूची माळ काढली, कागदात बांधली, आणि स्टुलावर बसली. अनंताचं स्टूल.

विमलने कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. “आई, इथे. थोरल्या बाबांनी केली आहे, त्याखाली.”

सुमंगलाने पेन हातात घेतलं, पण कागद ओढला नाही.

“हिला काय झालं होतं?” तिने विचारलं.

“काकी, म्हातारी झाली,” बाबली म्हणाला.

“तुला नाही विचारलं, बाबली. तू मगाशी बोललास ते मी दाराबाहेर ऐकलं. माझ्या मुलीच्या हाताने मशीन मेली असेल तर मला ते कळू दे. मग मी शेड भाड्याने द्यायला सही करते, नवीन डोक्याला करत नाही. आणि तिच्या हाताने मेली नसेल, तर तेही कोणीतरी माझ्यापुढे म्हणू दे. आठ महिने सगळे माझ्याशी असे बोलतात की मी काचेची आहे. मशीन कशी गेली ते सांगा, मग मी सही करते. जी करायची ती.”

कॉम्प्रेसरही थांबला. सखाराम चहात उंडा बुडवून तसाच बसला. बुडालेला अर्धा मऊ होऊन पेल्यात पडला तरी त्याने बघितलं नाही, कारण तो जयरामांकडे बघत होता. विमलही बघत होती. जयरामांना वाटलं, तळीचं पाणी चढत चाललं आहे, आता छातीपर्यंत आलं.

खरं सांगितलं तर पोरीचा डाग जाईल, हे त्यांना कळत होतं. पण मग सुमंगलाकडे बघून म्हणावं लागेल की तुझ्या नवऱ्याचं जे उरलं होतं ते मी ताटात काढून हळद लावून मारलं. एकदा त्याला अग्नी दिला तो दिला, दुसऱ्यांदाही मीच. ते वाक्य त्यांच्या तोंडात मावत नव्हतं. आणि न सांगावं तर विमल जाईल, थोरली जाईल, आणि इथे पाण्याच्या बाटल्या येतील.

दोन्ही बाजूंनी वाट बंद झाली की जयराम कारापूरकर जन्मभर जे करत आले तेच त्यांनी केलं.

“विमलने काही केलं नाही,” ते म्हणाले. “ती नव्हतीच इथे. मी होतो. मी जे बघितलं ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण मला वेड लागलं म्हणाल.”

“बाबा,” बाबली म्हणाला.

“गप्प बस, तुझाही त्यात भाग आहे. खंडेनवमीचा दिवस. मी पूजेला आलो. सकाळचे आठ. ऊन अजून ह्या पत्र्यांवर आलेलं नाही. बघतो तर थोरली जागी. पडदा हिरवागार. मी हात जोडले, म्हटलं, आज तुझी झोप. तर तिने काय करावं? टेबल हलवलं. हळूच, अंथरुणात कूस बदलावी तसं. टेबलावर काही बांधलेलं नाही. ठोकळा नाही, पट्टी नाही. आणि कटर खाली उतरलं आणि हवा कापायला लागलं.”

सखारामने पेला खाली ठेवला. “कोरी चाल,” तो विमलला हळूच म्हणाला. “काम न लावता.”

“कोरी म्हण. पण मी पन्नास वर्षं लोखंड बघतोय, मला हवेतसुद्धा आकार दिसतो. दोन फेऱ्या, एक आडवा काप, चार भोकं. म्हटलं, हे ओळखीचं. हे तर बार्जच्या पंपाचं घर, त्र्याण्णव साली केलेलं, थोरलीचं पहिलं काम. ते संपलं. क्षणभर थांबली. मग दुसरं. खाणीत माल वाहणाऱ्या पट्ट्याचे रूळ धरायचा आधार. मग तिसरं. अनंताने भरलेलं एकेक काढून ती हवेत करत होती, वयाप्रमाणे, आधीचं आधी.

“मी तिथेच बसलो, ह्याच स्टुलावर. ऊन वर आलं. हवा कापली तर किसळ पडत नाही म्हणाल. पडते. उजेडाची पडते. त्या हिरव्या पत्र्यातून ऊन येत होतं आणि कटर त्यातून जात होतं, आणि ते उजेडाचे बारीक काप टेबलावर साचत होते, आणि मी हात लावला की नसायचे. देवळाच्या पालखीचं कडं केलं तिने. त्या वेळी दांडा मोडला होता आणि जत्रा चार दिवसांवर होती. बाबली, तुझ्या पहिल्या ट्रकचा गिअरमधला काटा केला. तू म्हापशाला वधूकडच्यांना घेऊन अडकला होतास, आठवतं? अनंत जेवला नव्हता त्या दिवशी.”

तो काटा अजून त्या ट्रकमध्ये होता. वेलाखाली.

“विमल, तुझा भोवरा केला.”

“अॅल्युमिनियमचा,” विमल म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं.

“तोच. हवेत भोवरा केला तर तो खाली पडत नाही गो. फिरत राहतो. दुपार उलटेपर्यंत तो तिथे फिरत होता, त्या ड्रिलच्या वर, आणि थोरली पुढची कामं करत होती. एकशे चाळीस कामं. मी मोजली. भूक नाही, तहान नाही. माशी नाही. कुत्रं दारात येऊन बसलं ते शेपूटसुद्धा न हलवता बघत होतं. मध्येच मला वाटलं, अनंत मागे उभा आहे आणि हात पुसतोय. वळलो नाही मी. वळलं की जातात.”

आता कोणी पेल्याकडे बघत नव्हतं. उजेड भिंतीवर चढला होता. सुमंगला पेन धरून बसली होती, आणि तिचे डोळे टेबलावर होते, जिथे काही नव्हतं.

“आणि सुमंगला,” जयराम म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच बसला. स्वतःच्या गोष्टीत ते नेहमी शेवटाकडे बुडत. “तुझं खवणीचं पातं केलं तिने. तुम्ही नवीन घरात राहायला गेलात तेव्हा अनंताने करून दिलेलं. बावीस दाते. एकेक दाता असा हळू घेतला, जसं काही नारळ तयार आहे आणि तू वाट बघत बसली आहेस. ते सगळ्यांत जास्त वेळ चाललं.

“मग शेवटचं. अनंताने माघात भरायला घेतलेलं आणि अर्धं राहिलेलं. जिथे त्याचा हात थांबला होता तिथे ती आली आणि उभी राहिली. कटर हवेत. दिवेलागण झाली होती. पडद्यावरची अक्षरं एकेक करून गेली, कोणी अंगणातली वाळवणं उचलून आत न्यावीत तशी. सगळं एकदा मनासारखं करून झालं होतं तिचं. मग ती विसरली. कोणी मारली नाही तिला. विमलने बटण दाबलं ते तिच्यानंतर तीन दिवसांनी. जे गेलं होतं, ते आपल्या पायांनी गेलं होतं. एवढंच आहे. माना, नाहीतर मानू नका.”

बाबली उठला, खोक्यापाशी गेला, आणि विमलने चुकून पिवळ्यांत ठेवलेली निळी वायर उचलून निळ्यांत ठेवली. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं. सखाराम चिंधीने आपलं बोट पुन्हा पुसत होता, आधीच स्वच्छ असलेलं. जयरामांना वाटलं, पाणी उतरलं. पोरगी सुटली, आणि मीही.

“भावजी,” सुमंगला म्हणाली. “एकशे चाळीसही केली?”

“एकशे चाळीस. एक कमी नाही.”

“एका दिवसात. एकामागून एक, न थांबता.”

“थांबली असती तर मी सांगितलं नसतं?”

सुमंगलाने कागद आपल्याकडे ओढला. पेनचं टोपण काढून मागे लावलं. मग तसंच पेन उभं धरून ती थोरल्या दिरांकडे बघू लागली, आणि जयरामांना आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू दिसलं, ओठांच्या एकाच बाजूला.

“हिचं डोकं चाळीस मीटरचं,” ती म्हणाली. “हे सांगायचे मला, जुन्या मशीनींची आठवण मीटरवर मोजतात, कापडासारखी. चाळीस मीटरमध्ये आठ कामं बसतात. लहान असली तर नऊ. नवं भरायचं तर जुनं पुसायला लागायचं. मग पुसायच्या आधी हे इथे उभे राहून वाचायचे आणि मी ह्याच स्टुलावर बसून वहीत उतरवून घ्यायचे. आकडा आकडा. म्हणून मी रोज चारला चहा घेऊन यायचे. चहा एक निमित्त. तुम्ही लेथवर असायचात, तुम्हाला वाटायचं आम्ही बोलत बसतो.”

विमल उठून उभी राहिली. “आई, वह्या आहेत?”

“सत्तावीस. माझ्या पेटीत. कोणी विचारलं नाही मला. जो तो आपलं सांगण्यात.”

“मगे सगळां घालूक येतला,” सखाराम म्हणाला. “नव्या डोक्यात जागा काय, सात पिढ्यांक पुरात इतकी. बायो, अक्षर वाचण्यासारखा हा मां तुझा?”

“शाळेत पहिला नंबर होता,” सुमंगला म्हणाली. पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती जयरामांकडेच बघत होती आणि पेन कागदाच्या वर, टेकायच्या बेतात, तसंच होतं. “भावजी, विमल सुटली. तेवढ्यासाठी तुम्ही हे सगळं रचलंत, मला कळतं. पण मशीन कशी गेली ते मी विचारलं होतं, आणि ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही. खवणीचं पातं अठ्ठ्याण्णव साली पुसलं. एका नव्या पंपाच्या कामाला जागा हवी होती आणि ह्यांच्याने बटण दाबवेना, म्हणून मी दाबलं. माझ्या ह्या बोटाने. जे सोळा वर्षांपूर्वी मीच पुसून टाकलं, ते त्या दिवशी तुम्हाला हवेत कुठून दिसलं?”